सैल झालेली पॉवर विंडो: निदान, दुरुस्ती आणि दराचा हिशेब



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दाराचं पॅड उघडून खाली पडलेली काच परत बसवली. व्हिडिओत हात दिसतात, हिशेब दिसत नाही. काम कुठे संपतं, दर कसा निघतो, गिऱ्हाईकाला काय सांगायचं, हे सगळं दहा मिनिटांत मावत नाही. म्हणून हा लेख. व्हिडिओ आधी बघा, मग हे वाचा आणि वहीत उतरवून घ्या.

नांदेड, लातूर किंवा अहमदपूर, लोहा, उदगीर, मुखेड अशा तालुक्याच्या ठिकाणी ज्यांना कार अ‍ॅक्सेसरीजचं दुकान किंवा छोटं गॅरेज टाकायचंय, त्यांच्यासाठी हा धडा आहे. मुद्दा आधीच सांगतो. काच बसवायला महिनाभरात कुणीही शिकतो. काच का पडली हे नेमकं सांगणारा माणूस कमी सापडतो, आणि गिऱ्हाईक त्याच्याकडेच परत येतं.

हेच काम का निवडायचं?

आपल्याकडचं हवामान बघा. एप्रिल-मे मध्ये गाडी दिवसभर उन्हात उभी असते. दाराच्या आतलं प्लास्टिक कडक होतं, काचेच्या कडेची रबरं वाळून आखडतात. त्यात काळ्या मातीची बारीक धूळ रबरात जाऊन बसते. मग काच जड चालते, सगळा ताण आतल्या क्लिपवर आणि तारेवर येतो. जूनचा पहिला पाऊस आला की गिऱ्हाईक काच वर करायला जातं आणि ती अर्ध्यातच थांबते. म्हणजे बिघाड उन्हाळ्यात तयार होतो आणि पावसाळ्यात उघडा पडतो.

दुसरं कारण म्हणजे जुन्या गाड्या. आपल्या भागात सेकंड हँड गाडी घेणारं कुटुंब मोठ्या संख्येने आहे. वॉरंटी संपलेली असते. मोठ्या वर्कशॉपमध्ये सुटी क्लिप सहसा मिळत नाही, आख्खी विंडो मशीन बदलतात. छोटी दुरुस्ती करून देणाऱ्याला इथेच जागा आहे.

तिसरं कारण बाहेरगावचं गिऱ्हाईक. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाब, तेलंगणातून गाड्या येतात. लातूरला जूनमध्ये लेकरांच्या अ‍ॅडमिशनसाठी बाहेर जिल्ह्यातले पालक गाडी घेऊन येतात. काच उघडी ठेवून त्यांना गाडी लॉजसमोर लावता येत नाही. त्यांना काम आजच पाहिजे असतं, आणि बिघडलं तर ते परत येऊ शकत नाहीत. म्हणून काम पहिल्याच वेळी पक्कं झालं पाहिजे.

दाराच्या आत काय असतं?

बटन दाबलं की १२ व्होल्टची छोटी मोटर फिरते. वीज एका दिशेने गेली की काच वर, उलट दिशेने गेली की काच खाली. मोटरच्या तोंडाशी वर्म गिअर असतो. हा गिअर मोटरकडून फिरतो, पण काचेकडून ढकलला तर फिरत नाही. हे नीट लक्षात ठेवा, निदानात कामाला येणार आहे.

मोटरच्या पुढे जे असतं त्याला आपल्याकडे विंडो मशीन म्हणतात, पुस्तकी नाव रेग्युलेटर. त्याचे दोन प्रकार नेहमी भेटतात. पहिला तारेचा: ड्रमवर पोलादी तार गुंडाळलेली असते, ती वरच्या-खालच्या पुलीवरून फिरते, आणि एका रेलवर बसलेली घोडी वर-खाली नेते. घोडी म्हणजे काच धरून ठेवणारा भाग, बऱ्याचदा प्लास्टिकचा. दुसरा कात्रीचा: दातेरी पट्टी आणि दोन लोखंडी हात कात्रीसारखे उघडतात-मिटतात आणि काच उचलतात.

काच घोडीत तीन पद्धतीने बसते: बोल्टने, क्लिपने किंवा काचेला गोंदाने चिकटवलेल्या पकडीने. दोन्ही बाजूंना रबरी चॅनल असतं, काच त्यातून सरकते. या सगळ्याच्या आणि पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा कागद किंवा फोमचा पडदा चिकटवलेला असतो. खिडकीतून दारात उतरलेलं पावसाचं पाणी तो केबिनमध्ये येऊ देत नाही.

दार उघडण्याआधी पाच तपासण्या

पेचकस हातात घेण्याआधी या पाच गोष्टी करा. पाच मिनिटं लागतात.

१. बटन दाबा आणि कान द्या. मोटरचा आवाज येतो पण काच हलत नाही, म्हणजे मोटर फिरतेय. दोष तारेत, घोडीत, क्लिपमध्ये किंवा गिअरच्या दात्यांत आहे. आवाजच नाही, म्हणजे फ्यूज, स्विच, वायर किंवा मोटर. करकर, कटकट असा आवाज आला तर तार ड्रमवरून सुटलेली असण्याची शक्यता मोठी.

२. दोन्ही तळव्यांत काच धरून हळूच खाली दाबा. वर्म गिअरमुळे धड मशीनवरची काच हाताने खाली जात नाही. गेली, तर काच आणि मोटर यांच्यामधला दुवा तुटलाय.

३. काच तिरपी होते का बघा. एक टोक वर, एक खाली असेल तर बहुतेक एका बाजूचा बोल्ट किंवा क्लिप गेलीय, नाहीतर चॅनलचं रबर जागेवरून निघालंय.

४. काच पूर्ण वर असताना दार लावा आणि काच हलवून बघा. नुसती खडखडत असेल, चालत मात्र नीट असेल, तर बोल्ट सैल आहेत किंवा रबर आखडलंय. या कामात नवीन मशीन लागत नाही.

५. बाकीच्या तीन काचा चालवून बघा. सगळ्याच बंद असतील तर दार उघडायची गरज नाही, फ्यूज आणि लॉक बटनापासून सुरुवात करा. मागच्या काचा बंद करणारं लॉक बटन लेकरांनी दाबून ठेवलेलं असतं आणि गाडी गॅरेजला येते, हेही होतं. तेवढ्यावर काम भागलं तर पैसे घेऊ नका. तो माणूस चार जणांना सांगतो.

ड्रायव्हरकडची मोटर गप्प असेल तर दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीत बघायला विसरू नका. दार रोज उघडतं-मिटतं, त्या वाकणाऱ्या जागी वायर आतून तुटते. मोटरच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प लावा आणि बटन दोन्ही बाजूला दाबा. साध्या दोन वायरच्या मोटरला दोन्ही वेळा दिवा लागला तर वीज पोचतेय, दोष मोटरमध्ये. दिवा लागलाच नाही तर मोटरला हात लावू नका, मागे वायरिंगकडे जा. एका स्पर्शात पूर्ण वर-खाली होणाऱ्या काचेला मोटरवरच कंट्रोलर असू शकतो आणि वायरी जास्त असतात. तिथे बॅटरीवरून थेट वीज देऊन बघायचा प्रयोग करू नका.

अवजारं

प्लास्टिकच्या पट्ट्या, म्हणजे पॅड काढायची अवजारं. पेचकसाचा संच, टॉर्क्स बिट, ८ आणि १० नंबरचा सॉकेट. मल्टीमीटर आणि टेस्ट लॅम्प. चांगला मास्किंग टेप, कापडी हातमोजे, डोळ्याला चष्मा, डोक्याला लावायची बॅटरी. सिलिकॉन स्प्रे, पांढरं लिथियम ग्रीस, पडदा चिकटवायचा ब्यूटाइल टेप. आणि पॅडच्या क्लिपांचा मिक्स डबा. जुन्या गाडीचं पॅड काढलं की दोन-चार क्लिपा तुटतातच. डबा नसेल तर पॅड खडखडतं आणि "यानंच दार बिघडवलं" असं गिऱ्हाईक म्हणतं.

दुरुस्ती, क्रमाने

१. गाडी घेताना दाराचे चार फोटो काढा: बाहेरून, पॅड, स्विच, काच. आधीचा ओरखडा नंतर तुमच्या नावावर पडत नाही.

२. काच हाताने वर न्या आणि टेप चौकटीवरून आत-बाहेर असा दोन्ही बाजूंनी लावा. एका टेपवर विसंबू नका. दाराची काच टफन केलेली असते. ती कापता येत नाही, तिला नवीन भोक पाडता येत नाही, आणि कडेला ठोका बसला तर आख्खी काच बारीक तुकडे होऊन खाली येते.

३. बॅटरीची निगेटिव्ह काढा. साइड एअरबॅग असलेली गाडी असेल तर त्यानंतर काही मिनिटं थांबा आणि कंपनीचं मॅन्युअल बघूनच पुढे जा. काही गाड्यांत धडक ओळखणारा सेन्सर दारातच असतो.

४. हँडलच्या मागचे, हात ठेवायच्या जागेतले आणि कडेचे स्क्रू शोधा. झाकणाखाली लपलेला एक स्क्रू राहिला आणि पॅड ओढलं की पॅड चिरतं. पॅड खालच्या कडेने सोडवत वर उचला. स्विचचा कनेक्टर आणि लॉकची तार काढल्याशिवाय पॅड लांब नेऊ नका.

५. पडदा फाडू नका. कोपऱ्यापासून हळूहळू सोडवा. फाटलेला पडदा तसाच लावला तर पावसात पायाखालचं कार्पेट भिजतं, आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे यायच्या आधी दहा जणांकडे तुमचं नाव घेतं.

६. आता टॉर्च मारून बघा. बोल्ट सैल, क्लिप तुटली, घोडीला तडा, तारेचे धागे सुटले, पुली फुटली, दाते झिजले, चॅनल निघालं: यापैकी काय झालंय ते ठरवा. फोटो काढा आणि गिऱ्हाईकाला दाखवा. दर इथे सांगायचा, याच्या आधी नाही. आधी फक्त तपासणीचा आकार सांगायचा.

७. सुटलेल्या तारेला मोजे घालूनच हात लावा. तिचे धागे सुईसारखे बोटात शिरतात. मशीन बसवून चाचणी घेताना पुलीजवळ बोट ठेवू नका, आणि बटन दाबणारा माणूस तुम्ही "दाब" म्हटल्याशिवाय दाबणार नाही हे आधी ठरवून घ्या.

८. काच घोडीत बसवा, बोल्ट हातानेच अर्धवट आवळा. बॅटरी जोडा, काच पूर्ण वर न्या, वरच्या रबरात ती सरळ बसू द्या, मग बोल्ट पक्के करा. खाली असतानाच आवळलं तर काच तिरपी राहते आणि महिन्यात परत सैल होते. फार ताकद लावू नका, भोकाच्या कडेला काच दबते.

९. चॅनल ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग सिलिकॉन स्प्रे मारा. रेलवर थोडं लिथियम ग्रीस. रबराला इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका. त्याने रबर फुगतं आणि धूळ अजून चिकटते.

१०. काच दहा वेळा वर-खाली करा, पाच वेळा दार आपटून लावा, वरून पाण्याचा पाइप मारा. पाणी आत नाही ना, हे बघूनच पॅड लावा. बॅटरी काढली होती म्हणून आपोआप वर जाणारी काच पुन्हा शिकवावी लागते. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटन काही सेकंद तसंच ओढून धरायचं असतं, नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते. हे राहिलं तर काहीतरी मध्ये आल्यावर थांबायची सोय चालेलच याची खात्री नाही. तिथे लहान लेकराचं बोट येऊ शकतं, म्हणून ही पायरी सोडायची नाही.

काचेची पकड गोंदातून सुटली असेल तर झटपट चिकटणारं सोल्युशन वापरू नका. ते कडक होतं आणि ऊन, पाणी, दाराच्या आपटण्याने निघतं. जुना गोंद पूर्ण खरवडा, काच स्वच्छ करा, काच-धातूसाठीचं दोन भागांचं इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन लावा आणि पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण होऊ द्या. गाडी उद्या मिळेल म्हणून स्पष्ट सांगा.

स्विचमध्ये स्प्रे मारू नका

बटन अडखळतंय म्हटलं की फटीतून वंगणाचा स्प्रे मारायचा, ही सवय आपल्याकडे सर्रास दिसते. यावर एक मोठं उदाहरण आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये टोयोटाने पॉवर विंडोच्या मुख्य स्विचसाठी जगभरातून सुमारे ७४ लाख ३० हजार गाड्या परत बोलावल्या. स्विचच्या आत ग्रीस सगळीकडे सारखं लागलेलं नव्हतं, म्हणून बटन अडखळायचं. कंपनीने इशारा दिला की अशा स्विचवर बाजारात मिळणारं वंगण मारलं तर स्विच वितळून धूर निघू शकतो, काही वेळा आगही लागू शकते. भारतातल्या कोरोला अल्टिस आणि कॅमरी मिळून सुमारे ८,७०० गाड्या त्यात होत्या.

त्याआधी जानेवारी २०१० मध्ये होंडाने भारतातल्या ८,५३२ सिटी गाड्या पॉवर विंडोच्या स्विचसाठीच बोलावल्या होत्या. तिथे धोका पाण्याचा होता: उघड्या खिडकीतून आलेलं पाणी स्विचमध्ये उतरून शॉर्ट व्हायची शक्यता.

यातून आपल्यासाठी तीन नियम. स्विचमध्ये तेल-वंगण नाही. पाण्याने भिजलेला स्विच वाळवून चालू झाला तरी गिऱ्हाईकाला बदलायचा सल्ला द्या. आणि फ्यूज उडतोय म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज कधीच टाकू नका. शॉर्ट असेल तर फ्यूजच्या जागी वायर जळते. तसंच, गाडी एखाद्या रिकॉलमध्ये आहे का हे कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून बघता येतं. असेल तर गिऱ्हाईकाला तिकडे पाठवा. तिथे ते काम फुकट होतं.

दर कसा काढायचा?

बीबीएच्या पुस्तकात याला कॉस्टिंग म्हणतात, दुकानात आपण त्याला हिशेब म्हणू. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, जीएसटी सोडून. तुमचे आकडे तुम्ही घाला.

समजा, महिन्याचं भाडं ८,०००, मदतनीस पोराचा पगार ९,०००, लाईट आणि किरकोळ ३,०००, तुमचा स्वतःचा पगार २०,०००. एकूण ४०,०००. स्वतःचा पगार धरायचाच, नाहीतर तुम्ही स्वतःच्या दुकानात फुकट राबताय. महिन्यात २५ दिवस काम, म्हणजे दिवसाला १,६००. दिवसातले पाच तासच प्रत्यक्ष बिलाचे धरा, बाकी वेळ चहा, चौकशी आणि सामान आणण्यात जातो. तासाचा खर्च ३२० रुपये.

काचेच्या कामाला सव्वा तास. खर्च ४००. त्यावर २५ टक्के नफा धरला तर मजुरी ५०० रुपये.

आता दोन पर्याय बघा.

पहिला, क्लिपचा सेट बदलणे. सेट २५० ला आला, ३२५ ला लावला. मजुरी ५००. बिल ८२५.

दुसरा, आख्खी मशीन बदलणे. मशीन १,४०० ला आली, १,७०० ला लावली. मजुरी तीच ५००. बिल २,२००.

मशीनमध्ये तुम्हाला ३०० सुटले, क्लिपमध्ये ७५. फरक २२५ रुपये. पण गिऱ्हाईकाच्या खिशातून १,३७५ रुपये जास्त गेले. नुसती क्लिप तुटली असताना मशीन बदलली, तर स्वतःच्या २२५ साठी तुम्ही त्याला १,३७५ चा खड्डा पाडला. लातूर-नांदेड काही मुंबई-पुणे नाही. इथे गिऱ्हाईकाचा मेहुणा, भाचा, शेजारी कुणीतरी गाडीतलं कळणारा असतोच. जुना भाग त्याने बघितला की गोष्ट बाहेर पडते.

आता उलट बाजू. तारेचे धागे सुटायला लागलेत, घोडीला तडा आहे, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "स्वस्तात करा." तुम्ही दया येऊन क्लिप लावून दिली. दोन महिन्यांत काच परत खाली. आता सव्वा तास फुकट, म्हणजे ४००, आणि नवा सेट २५०. एकूण ६५०. पहिल्या कामात मजुरीतले १०० आणि सेटवरचे ७५ मिळून निव्वळ सुटले होते १७५. म्हणजे या गाडीत तुमचे ४७५ रुपये गेले, वर नावही गेलं. स्वस्त काम आणि योग्य काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून दुकानात एक कागद चिकटवा: काच आणि घोडी धड, फक्त बोल्ट किंवा क्लिप गेली, तर दुरुस्ती. चॅनल आखडलं, तर रबर बदला. तार सुटली, रेल वाकली, दाते झिजले किंवा घोडी चिरली, तर मशीन. तारेला गाठ मारणं, वायरने बांधणं, लाकडी ठोकळा लावणं हे फक्त गाडी गावापर्यंत न्यायची सोय म्हणून. त्याचं बिल दुरुस्ती म्हणून करायचं नाही.

गिऱ्हाईकाशी कसं बोलायचं?

गिऱ्हाईक: "भाऊ, काच वर येईना झाली. बटन दाबलं की आतून करकर आवाज यायलाय. मोटर गेली म्हणायलेत सगळे."

तुम्ही: "काका, आवाज यायलाय म्हणजे मोटर फिरायलीय. मोटर गेली असं आत्ताच म्हणता येत नाही. पॅड उघडून बघतो. तपासणीचे दीडशे, काम इथंच केलं तर ते बिलात वळते करतो."

गिऱ्हाईक: "पण एकूण किती लागतील ते सांगा ना."

तुम्ही: "क्लिप असली तर आठशेच्या आसपास, मशीन असली तर बावीसशेच्या आसपास. उघडल्यावर तुम्हाला दाखवतो, तुम्ही हो म्हणल्याशिवाय सामान लावत नाही. जुना भाग पण तुमच्या हातात देतो."

यात तीन गोष्टी झाल्या: दोन्ही टोकांचे आकडे सांगितले, परवानगी मागितली, पुरावा द्यायचं कबूल केलं. फोनवर मात्र एकच आकडा कधी सांगू नका. घासाघीस झाली तर मजुरी कमी करण्यापेक्षा बाकीच्या तीन काचांच्या चॅनलला स्प्रे मारून द्या. खर्च थोडा, समाधान मोठं.

सामान, कागद आणि भांडवल

क्लिपा आणि रबर तुमच्या भागात जास्त चालणाऱ्या पाच-सहा मॉडेलचेच ठेवा. मशीन स्टॉकमध्ये भरू नका, ऑर्डरवर आणा. घाऊक माल हैदराबाद, पुण्याहून येतो. दिल्लीचं काश्मिरी गेट हा सुट्या भागांचा मोठा घाऊक बाजार आहे. पण पहिल्या वर्षी लांबची खरेदी टाळा. चुकीचा भाग बदलून आणायला वेळ जातो आणि गाडी दुकानात अडकते. ऑर्डर देताना मॉडेल, वर्ष, पुढचं की मागचं, डावं की उजवं, हे चारही लिहून द्या.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. माल आणि सेवा दोन्ही विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के दर आहे, त्यामुळे खरेदीचं बिल तपासून घ्या. भांडवलासाठी मुद्रा योजनेचा शिशू गट ५०,००० पर्यंत आहे. सुरुवातीची अवजारं आणि क्लिपांचा साठा त्यात बसवता येतो. कर्ज घ्यायच्या आधी वरचा तासाचा हिशेब वहीत तयार ठेवा. बँकेत तो दाखवला की बोलणं सोपं जातं.

बिलावर तीन ओळी लिहायची सवय लावा: काय दोष निघाला, कोणता भाग लावला, मजुरीची हमी किती दिवसांची. हमी ९० दिवस द्या. भागाची हमी जेवढी तुम्हाला मिळते तेवढीच पुढे द्या.

मे महिन्याची योजना

पाऊस पडल्यावर सगळेच काच दुरुस्त करतात. तुम्ही मे मध्ये 'चार काचा तपासणी' लावा. चारही काचा चालवून बघणं, चॅनल साफ करून सिलिकॉन मारणं, सैल बोल्ट कुठे वाटतो का ते सांगणं. दर कमी ठेवा. नांदेड-लातूर हायवेवरच्या टॅक्सीवाल्यांना, शाळेच्या व्हॅनवाल्यांना आधी बोलवा, त्यांच्या काचा दिवसातून पन्नास वेळा फिरतात. ज्याची काच जड चालतेय त्याला तसं लिहून द्या. जूनमध्ये ती अडकली की त्याच्या खिशात तुमचाच कागद असतो.

या आठवड्याचा गृहपाठ

१. स्वतःच्या किंवा ओळखीच्या पाच गाड्यांवर पाच तपासण्या करा. दार उघडू नका. फक्त निदान लिहा.

२. तुमचा तासाचा खर्च काढा. स्वतःचा पगार धरून.

३. जवळच्या तीन स्पेअर पार्टच्या दुकानांत एकाच मॉडेलच्या क्लिप सेटचा आणि विंडो मशीनचा भाव विचारा. दोन्ही बिलं मांडा: तुम्हाला किती जास्त सुटतात आणि गिऱ्हाईकाचे किती जास्त जातात, हे शेजारी-शेजारी लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर व्हिडिओच्या खाली कमेंटमध्ये टाका, गावाचं नाव आणि गाडीचं मॉडेल लिहायला विसरू नका. पुढच्या भागात त्यातलेच आकडे घेऊन आपण सेंट्रल लॉकच्या कामाचा दर काढू. तोपर्यंत हात जपा, काच जपा, आणि दार उघडायच्या आधी आवाज ऐका.